मी-२६: वीस टन उचलणाऱ्या हेलिकॉप्टरची पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाला १९६०च्या दशकात क्षेपणास्त्रे रस्ते नसलेल्या दुर्गम तळांवर पोहोचवायची होती. त्यासाठी मिखाइल मिल यांच्या संस्थेने व्ही-१२ बांधले. आधीच्या मी-६ या अवजड हेलिकॉप्टरची दोन रोटर (वर फिरणारे पंखे) शेजारी शेजारी बसवलेल्या या महाकाय हेलिकॉप्टरने १९६९ मध्ये ४० टनांहून अधिक वजन उचलून विक्रम केला. पण मूळ गरजच ओसरली आणि प्रकल्प बंद पडला. मिल १९७० मध्ये वारले.

त्यांचे शिष्य मरात तिश्चेंको यांनी मी-२६साठी पुन्हा एकाच रोटरची वाट धरली. रिकाम्या हेलिकॉप्टरचे वजन कमाल उड्डाणवजनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, ही अट होती. माझ्या मते मी-२६चे सगळे मोठेपण या अटीत आहे. ३२ मीटर व्यासाचा रोटर मी-६च्या रोटरपेक्षा लहान, पण पाती पाचऐवजी आठ. खरी अडचण गिअरबॉक्सची होती. दोन इंजिनांची वीस हजारांहून अधिक अश्वशक्ती पेलून ती संथ फिरणाऱ्या रोटरला द्यायची, आणि तरीही हलके राहायचे. मिलच्या अभियंत्यांनी गिअरबॉक्स स्वतःच घडवला. त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास भरले. पहिले उड्डाण १४ डिसेंबर १९७७ रोजी झाले. उत्पादन रोस्तोव्हला, इंजिने मात्र युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाची.

१९८६ मध्ये चेर्नोबिलवर ही हेलिकॉप्टरे किरणोत्सर्गी धूळ दाबणारे द्रव फवारत होती. २००२ मध्ये अफगाणिस्तानात एका मी-२६ने नादुरुस्त अमेरिकी चिनूक हेलिकॉप्टर दोराला लटकवून बग्रामच्या हवाई तळावर नेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेचन्यात खानकलाजवळ क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त सैनिक भरलेले मी-२६ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि शंभराहून अधिक जीव गेले. जागा आहे म्हणून माणसे कोंबण्याची ती भयानक किंमत होती.

भारतीय हवाई दलात मी-२६ १९८६ पासून आले, चंदीगडच्या १२६ हेलिकॉप्टर युनिटमध्ये. संख्या चारच. त्यातले एक डिसेंबर २०१० मध्ये जम्मूला कोसळले. २०१३च्या उत्तराखंड महापुरात लहान हेलिकॉप्टरांना लागणारे इंधन याने गौचरला पोहोचवले, आणि बचावकार्यात तेच निर्णायक असते. पुढे केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी अवजड यंत्रेही यानेच वर नेली.

इतक्या कमी संख्येच्या ताफ्याला सुटे भाग आणि ओव्हरहॉल परवडत नाहीत; हेलिकॉप्टरे दीर्घकाळ जमिनीवरच राहिली. नव्या खरेदीच्या स्पर्धेत मी-२६ही होते, पण निवड चिनूकची झाली. १५ चिनूकचा करार २०१५ मध्ये झाला आणि मार्च २०१९ मध्ये ती त्याच चंदीगडच्या युनिटमध्ये दाखल झाली. डोंगरातल्या रोजच्या कामासाठी हा निर्णय योग्यच होता. मात्र चिनूक साधारण दहा टन उचलते. मोठा बुलडोझर सुटा न करता वर न्यायचा, तर मी-२६ला पर्याय उरलेला नाही. रशियाचीही अडचण वेगळी नाही: २०१४ नंतर युक्रेनकडून इंजिने मिळणे बंद झाल्याने तिथे मी-२६साठी नवे पीडी-८व्ही इंजिन विकसित करावे लागत आहे.