बॅलन्स्ड हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

हेडफोनच्या प्रत्येक कॉइलच्या (आवाज निर्माण करणाऱ्या वेटोळ्याच्या) दोन्ही टोकांना स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे शाखा, जोडून त्या टोकांवर एकमेकांच्या नेमका उलट सिग्नल देणारी रचना. स्टिरिओसाठी अशा चार शाखा लागतात आणि हेडफोनपर्यंत चार वेगळ्या तारा न्याव्या लागतात. नेहमीच्या सिंगल-एंडेड रचनेत शाखा दोनच असतात. दोन्ही कॉइलची उरलेली टोके एकत्र करून ग्राउंडला जोडलेली असल्याने तिथे तीन संपर्कांचा जॅक पुरतो.

कार्यतत्त्व : एका शाखेचे आउटपुट +३ व्होल्टवर गेले की त्याच क्षणी दुसरीचे −३ व्होल्टवर असते आणि कॉइलला दोहोंतला फरक, म्हणजे ६ व्होल्ट, मिळतो. पुरवठा तोच, पण व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. शाखांना तेवढा प्रवाह देता आला तर त्याच हेडफोनमध्ये चौपट शक्ती पोचते. बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणात ±३ व्होल्ट पुरवठा असेल, तर सिंगल-एंडेड आउटपुट फार तर २.१ व्होल्ट आरएमएस (परिणामी सरासरी मूल्य) देईल आणि ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे १५ मिलिवॉट मिळतील. बॅलन्स्ड जोडणीत तेच ६० मिलिवॉटच्या घरात जातात. हायफायमॅनचा एचई-६ हा ५० ओहमचा प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल आवाज देतो. अशा चालवायला जड हेडफोनला या वाढीचा खरा उपयोग होतो. ज्या टेबलावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला ±१५ व्होल्ट पुरवठा आहे, त्याच्याकडे एका शाखेतच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज असते. तिथे केवळ ताकदीसाठी चार शाखा उभारण्यात अर्थ नाही.

व्होल्टेज दुप्पट झाले की प्रवाहाची मागणीही दुप्पट होते. १६ ओहमच्या इअरफोनवर ६ व्होल्टचे शिखर गाठायला ३७५ मिलिअँपिअर लागतात आणि लहान चिपला ते झेपत नाही. प्रत्येक शाखेला निम्माच रोध जोडल्यासारखे वाटते, तर आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आतला रोध, दोन शाखांची मिळून दुप्पट होते. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बराच बदलतो. अशा इअरफोनचा स्वर एवढ्याने बदलू शकतो.

गोंगाटाचे (अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या सूं आवाजाचे) गणित बहुधा अर्धेच सांगितले जाते. दोन शाखांचा गोंगाट एकमेकांशी संबंधित नसल्याने तो ३ डेसिबलने वाढतो आणि सिग्नल ६ डेसिबलने, म्हणून कागदावर सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ३ डेसिबलने सुधारते. पण हे पूर्ण आवाजाला. ऐकणारा आवाज नेहमीच्या पातळीवर आणतो तेव्हा सिग्नल खाली येतो, आउटपुट शाखांचा गोंगाट मात्र तिथेच राहतो. संवेदनशील इअरफोनवर बॅलन्स्ड सॉकेटमधून सूं आवाज जास्त येतो, तो यामुळेच.

मायक्रोफोनच्या लांब केबलमध्ये शिरलेली गुणगुण दोन्ही तारांवर सारखी असते आणि पुढच्या टोकाला वजाबाकीत निघून जाते. हाच फायदा हेडफोनलाही मिळतो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. मायक्रोफोनचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्यानंतर तो शेकडो पटींनी वाढवायचा असतो. हेडफोन साखळीच्या अगदी शेवटी असतो, त्याला चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची इम्पिडन्स बहुधा १-२ ओहमच्या आतच असते आणि केबल दोन-तीन मीटरची. तिच्यात शिरणारी गुणगुण दोन्ही रचनांत ऐकू येत नाही.

खरा फरक परतीच्या वाटेत आहे. तीन तारांच्या जोडणीत दोन्ही कॉइलचा प्रवाह एकाच तारेतून आणि जॅकच्या एकाच संपर्कातून परत येतो. त्या सामायिक वाटेचा रोध ०.१ ओहम धरला, तरी ३२ ओहमच्या हेडफोनवर एका बाजूचा सिग्नल दुसरीकडे −५० डेसिबलने पाझरतो. बारीक केबल आणि झिजलेला जॅक मिळून रोध १ ओहम झाला, तर −३० डेसिबल. चार तारांनी हा क्रॉसटॉक (एका बाजूचा सिग्नल दुसरीकडे पाझरणे) जातो. मात्र चारही तारा जॅकपर्यंत वेगळ्या नेऊन फक्त तिथे एकत्र केल्या, तर सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरवरही यातला बराच फायदा पदरात पडतो.

रचना : डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग रूपांतर करणाऱ्या बऱ्याच चिपमधून सिग्नल मुळातच उलटसुलट जोडीने बाहेर पडतो, त्यामुळे तिथून पुढे चार शाखा चालवणे सोयीचे असते. साध्या आरसीए इनपुटवर आधी जोडी तयार करावी लागते. त्यासाठी सिग्नल उलटा करणारा एक ऑप-अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायरची चिप) किंवा ओपीए१६३२ सारखी पूर्ण डिफरन्शियल चिप वापरतात. दोन्ही शाखा तंतोतंत सारख्या असतील, तर विकृतीतून आलेले सम क्रमांकाचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) एकमेकांना खोडतात. विषम हार्मोनिक तसेच राहतात, म्हणून मूळ शाखा चांगली असण्याला पर्याय नाही.

एकेरी पुरवठ्याच्या (उणे व्होल्टेज नसलेल्या) उपकरणात आणखी एक लाभ होतो. दोन्ही शाखा अर्ध्या पुरवठ्यावर स्थिर असतात, कॉइलवर डीसी (एकाच दिशेचे स्थिर व्होल्टेज) पडत नाही आणि आउटपुटचा कपॅसिटर गाळता येतो. ३२ ओहमला २० हर्ट्झपर्यंत नेण्यासाठी तो सुमारे २५० मायक्रोफॅरडचा लागला असता. शिवाय परतीचा प्रवाह ग्राउंडमधून जात नाही.

अडचण येते ती व्हॉल्यूमपाशी. चार शाखांना चार पदरी पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) लागतो आणि असे स्वस्त भाग खालच्या आवाजाला डाव्या-उजव्या बाजू सारख्या ठेवत नाहीत. म्हणून रिलेने रोध बदलणारी शिडी किंवा व्हॉल्यूमची इलेक्ट्रॉनिक चिप वापरतात. दोन शाखांच्या मध्ये आडवा पोटेन्शिओमीटर टाकला, तर दुपदरी भागातही काम भागते. डीसी संरक्षणाने चारही आउटपुटवर लक्ष ठेवायला हवे.

कनेक्टर : टेबलावरच्या उपकरणांत चार पिनांचा एक्सएलआर सर्वाधिक रूढ आहे. पिन १ डावी अधिक, २ डावी उणे, ३ उजवी अधिक, ४ उजवी उणे. तीन पिनांच्या एक्सएलआरमध्ये पिन १ ग्राउंड असते, इथे तसे नाही. प्लग खटक्याने बसतो, ओढला तरी सुटत नाही आणि आत जाताना संपर्क एकमेकांवरून घासत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मात्र हाच प्लग व्हिडिओ कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवण्यासाठी आणि इंटरकॉमच्या हेडसेटसाठीही वेगळ्या पिन-क्रमाने वापरतात. पूर्वी दोन स्वतंत्र तीन पिनांचे एक्सएलआर वापरत. आता ते क्वचितच दिसतात.

खिशातल्या प्लेअरसाठी एक्सएलआर फार मोठा. अ‍ॅस्टेल अँड कर्नने २०१४ च्या एके२४० मध्ये चार संपर्कांचा २.५ मिलिमीटर जॅक आणला. तो बराच पसरला, पण इतका बारीक आहे की आडवा धक्का बसला तर टोक सॉकेटमध्येच मोडते. त्याची जागा घेतली ४.४ मिलिमीटरच्या पेंटाकॉनने. जपानच्या जेईआयटीए संस्थेच्या आरसी-८१४१सी मानकात तो नोंदलेला आहे आणि २०१६ मध्ये सोनीने आपल्या प्लेअरमध्ये तो दिला. टोकापासून डावी अधिक, डावी उणे, उजवी अधिक, उजवी उणे आणि पाचवा संपर्क ग्राउंड. हेडफोनच्या केबलमध्ये हा पाचवा बहुधा मोकळाच असतो. आज नवी केबल घेताना लहान उपकरणासाठी ४.४ आणि मोठ्यासाठी एक्सएलआर ही निवड बिनधोक आहे. ३.५ मिलिमीटरचे चार संपर्कांचे बॅलन्स्ड जॅक टाळलेले बरे. पिन-क्रम उत्पादकागणिक बदलतो आणि दिसायला ते मोबाइलच्या माइकवाल्या जॅकसारखेच असतात.

अ‍ॅडॅप्टर एकाच दिशेने सुरक्षित आहे. चार तारांचा हेडफोन साध्या जॅकवर आणता येतो. बॅलन्स्ड आउटपुटला तीन तारांचा हेडफोन लावला, तर दोन्ही उणे शाखा एकमेकींना शॉर्ट होतात आणि आउटपुट चिप जळू शकते.

स्वतः केबल करताना प्लगचे कव्हर आधी केबलमध्ये ओवून घ्यावे. लिट्झ तारेवरचे (प्रत्येक बारीक धाग्यावर वेगळा लेप असलेल्या तारेवरचे) इनॅमल गरम सोल्डरच्या थेंबात जाळून तार चकचकीत झाल्यावरच पिनच्या वाटीत बसवावी, नाहीतर सांधा वरून ठीक दिसतो आणि आत वाहत नाही. मग मल्टिमीटर लावावा. चार पिनांच्या एक्सएलआरवर पिन १-२ आणि ३-४ मध्ये कॉइलचा रोध दिसतो, साधारणतः छापील ओहमपेक्षा थोडा कमी. डावीकडची कोणतीही पिन आणि उजवीकडची कोणतीही पिन यांत काहीच दिसता कामा नये. २ आणि ४ मध्ये शून्य आले, तर दोन्ही उणे तारा कुठेतरी, बहुधा हेडबँडच्या आत, जोडलेल्या आहेत आणि तो हेडफोन उघडून चार तारा वेगळ्या केल्याशिवाय बॅलन्स्ड सॉकेटला लावू नये.