दोन गोळ्या, दिवसातून दोनदा

रक्तदाबाची गोळी चालू होऊन तीन महिने झाले, तरी आकडा खाली येत नाही. मग डोस वाढतो, नाहीतर गोळी बदलते. पण मुळात गोळी रोज घेतलीच जात नसेल तर? ही शंका सहसा सर्वांत शेवटी येते, खरं तर ती आधी यायला हवी. दीर्घकाळच्या आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणारे रुग्ण विकसित देशांतही सरासरी निम्मेच असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवलं होतं.

हे मोजणंही सोपं नाही. विचारलं की बहुतेक जण "घेतो की वेळेवर" म्हणतात. म्हणून संशोधकांनी बाटलीच्या झाकणातच चिप बसवली. झाकण उघडलं की तारीख आणि वेळ नोंदली जाते. (उघडणारा गोळी गिळतोच असं नाही म्हणा!) या नोंदींत एक गंमत दिसली. डॉक्टरांना भेटायच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस गोळ्या चोख घेतल्या जातात, मधल्या काळात ढिलाई येते. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सगळं आलबेल दिसू शकतं.

विसरभोळेपणा हे एकच कारण नव्हे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना औषधांवरची लेबलं दाखवली. एकावर लिहिलं होतं, 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या.' वाचन कच्चं असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटलं, दिवसभरात किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा. चार गोळ्या दाखवणारे निघाले जेमतेम ३५ टक्के! "समजलं ना?" या प्रश्नाला मान डोलावणं किती पोकळ असू शकतं, ते इथे कळतं. त्यापेक्षा "घरी गेल्यावर कशी घ्याल, सांगा बरं" असं विचारावं. आणि लेबलवरही 'सकाळी दोन, रात्री दोन' असं सरळ लिहावं.

दिवसातून घ्यायच्या वेळा जितक्या कमी, तितका नियमितपणा जास्त, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हृदयविकाराची तीन-चार औषधं एकाच गोळीत भरण्यामागे हाच हिशेब आहे.

जाणूनबुजून औषध सोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन आज काहीच बरं वाटत नाही. तिचा फायदा म्हणजे पुढे न आलेला झटका. तिच्यामुळे पाय दुखले तर ते मात्र लगेच जाणवतं. पैशांची ओढाताण असली की अशीच गोळी आधी सुटते. इथे मोबाइलचा गजर काय करणार? रुग्णाला न रागावता विचारावं लागतं, "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" राहतातच, हे गृहीत धरून विचारलं की खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

ते खरं उत्तर काही औषधांत फारच मोलाचं असतं. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गटातली (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी बराच काळ घेऊन अचानक थांबवली, तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखणं वाढू शकतं, झटकाही येऊ शकतो. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच आठवडे चालू असल्या तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (गोळीतल्या स्टिरॉइडसारखंच काम करणारं संप्रेरक) बनवणं कमी करतं, आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून अशी औषधं बंद करायचीच असली, तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.