केना की मर्डानिया? भिजलेलं निळं फूल ओळखताना

पावसाळ्यात रानफुलं बघायला आमचा स्वयंसेवकांचा गट निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी गवतातल्या निळ्या ठिपक्याशी वाकून म्हणतं, "हा केना!" बरेचदा तो केनाच असतो. पण त्याच कुळातली मर्डानिया माळावर, सड्यावर, भातखाचरांच्या बांधावर तितक्याच सहज भेटते, आणि भर पावसात दोघांत भलतीच गफलत होते.

कारण दोघांच्या पाकळ्या अगदी पातळ. जोराची सर आली की त्या एकमेकींना चिकटतात, लोळागोळा होतात. रंगावर तर विसंबूच नये. केना निळा आणि मर्डानिया जांभळट असं ढोबळमानाने म्हणता येतं, पण ढगाळ उजेडात मोबाइलचा कॅमेरा जांभळ्याचाही निळा करून टाकतो. शिवाय सगळ्या मर्डानिया जांभळ्या नसतातच. अबोलिमा ही मर्डानियाच, पण फूल अबोली रंगाचं.

म्हणून पाकळ्या मोजण्याआधी फूल निघतं कुठून ते बघा. केन्याचं फूल एका हिरव्या, घडी घातलेल्या पानासारख्या आवरणातून डोकं बाहेर काढतं. वनस्पतिशास्त्रात याला महाछद म्हणतात. आपल्याकडच्या नेहमीच्या केन्यात (कॉमेलिना बेंगालेन्सिस) या आवरणाच्या कडा खाली जुळलेल्या असतात, त्यामुळे त्याचं छोटं नरसाळंच होतं. कळ्या आत, फूल उमलण्यापुरतं बाहेर, आणि नंतर बोंडही आतच पिकतं. मर्डानियाला असला आडोसा नाही. तिचं फूल बारीक देठावर उघड्यावर असतं, बुडाशी असलीच तर इवलीशी पानासारखी छदं, आणि बोंडंही उघडी दिसतात. केन्याची फुलं सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात, पण उशिरा पोचलात तरी ही खूण जागेवर असते. माझ्या मते एवढी एक खूण पक्की झाली तरी पुरे.

फूल धड असेल तर बाकीचं सोपं. केन्याच्या दोन पाकळ्या मोठ्या आणि तिसरी खाली, लहान, पटकन न दिसणारी. मर्डानियाच्या तिन्ही सारख्या. आता भिंग लावा. केन्यात पिवळे, वांझ पुंकेसर वरच्या बाजूला आणि कामाचे खाली, म्हणजे फुलाला वर-खाली अशा स्पष्ट बाजू आहेत. मर्डानियात कामाचे आणि वांझ केसर गोलाकार मांडलेले, आणि बऱ्याच जातींत केसरांच्या दांड्यांवर बारीक लव. लव मात्र याच कुळातल्या आभाळीलाही असते, तीही भरघोस. पण आभाळीचे सहाही केसर कामाचे असतात.

नावांच्या गोष्टीही सांगण्याजोग्या आहेत. कॉमेलिना हे नाव लिनियसने डच कॉमेलिन घराण्यावरून दिलं: दोन ठळक पाकळ्या म्हणजे नावाजलेले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि फिकी तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच गेलेला तिसरा. मर्डानिया हे नाव मुर्दान अली यांच्यावरून आलं. ते सहारनपूरच्या उद्यानात वनस्पती गोळा करत आणि तिथला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सांभाळत. पहिली गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. दुसरी आपण आवर्जून सांगायला हवी.

पानंही मदतीला येतात. नेहमीच्या केन्याची पानं रुंद, अंडाकृती, आणि पान खोडाला वेढतं तिथे तांबूस केस. थेंब झटकून बघितलं की ते लगेच दिसतात. मर्डानियाची पानं बहुधा अरुंद, गवतासारखी.

केन्याच्या पानांची भजी करतात, त्यामुळे वाटेत "थोडी खुडून नेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. फुलं बघायच्या फेरीत खुडणं नाही, हे मी ठामपणे सांगते. उपटायचं तर मुळीच नाही, जरी या केन्याची खरी गंमत मातीखाली असली तरी: जमिनीतल्या फांद्यांवर त्याला न उमलणारी फुलं येतात आणि त्यांत बी धरतं. ती बघायची तर शेतकऱ्याने खुरपून बांधावर टाकलेला केना उचलून बघा. शेतात तो तण म्हणून चिवट का, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. उरलेलं अर्धं त्याच्या खोडात, कारण तुटलेला तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो.

फोटो काढताना एक समोरून आणि एक बाजूने काढा, फुलाचं बूड आणि पान खोडाला वेढतं ती जागा दिसेल असा. नुसत्या समोरच्या फोटोवरून मी नाव सांगत नाही.