उपाध्यांच्या वाटेवरची मिसळ: नाशिकच्या खाद्यफेरीमागचा इतिहास

नाशिकला बाहेरगावचा माणूस उतरला की पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "तुमचे उपाध्ये कोण?" आता विचारतात, "मिसळ कुठे खाल्ली?" हा बदल व्हायला शंभरेक वर्षं लागली, आणि सध्या शनिवार-रविवारी जुन्या नाशकात निघणाऱ्या 'फूड वॉक'चं मूळ तिथेच आहे.

या फेरीचं स्वरूप साधं. सकाळी दहा-बारा जण रविवार कारंज्याजवळ जमतात. सोबत माहीतगार माणूस. सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली असं करत तीनेक तासांत पाच-सहा ठिकाणी थोडं थोडं खायचं आणि मधल्या चालण्यात वाड्यांच्या, बोळांच्या गोष्टी ऐकायच्या. पैसे आधीच भरलेले. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरची नाशिककर मंडळीसुद्धा यात असतात. आपल्याच शहरातल्या या भागाला ती अजूनही 'गाव' म्हणतात. "गावात जाऊन येतो" म्हणजे मेन रोडवर जाऊन येतो.

पैसे देऊन कुणाच्या तरी मागे मागे गाव बघायचं, हे नाशिकला मुळीच नवं नाही. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात, आणि गंगेवर येणाऱ्या यात्रेकरूला तीर्थोपाध्ये हाताला धरून फिरवत. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन हा क्रम ठरलेला. उपाध्यांकडच्या नामावळीत यात्रेकरूच्या पणजोबाची सही सापडायची, आजही सापडते. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की या व्यवस्थेवर लाखोंचा भार पडायचा. उतरायची सोय आणि जेवणही बरेचदा उपाध्यांच्याच घरी.

जेवण मात्र बघायची गोष्ट नव्हती. ते कुणाच्या हातचं आणि कुणाच्या पंगतीला, एवढंच महत्त्वाचं. बाहेरचा शिजवलेला भात-वरण सोवळ्यात चालत नसे. तळलेलं, भाजलेलं, दुधातलं त्या मानाने चाले. यात्रेकरू घरून दशम्या बांधून आणायचे किंवा धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडायचे, आणि बाजारातून घ्यायचे ते फुटाणे, चुरमुरे, पेढे. माझा तर्क असा की जुन्या नाशिकचं नाव ज्या पदार्थांनी झालं, ते चिवडा, जिलबी, पेढा सगळे याच वर्गातले आहेत हा योगायोग नाही. शिळं व्हायची घाई नाही, विटाळाची अडचण कमी आणि परतीच्या प्रवासात गाठोड्यात मावणारं. चिवड्यात तळलेला कांदा भरपूर पडतो, तो मात्र जिल्ह्याच्या मातीचा हक्क. लासलगावचा कांदा हाताशी असताना कुणी हात आखडता घेत नाही.

या इतिहासाची एक बाजू खाद्यफेरीत क्वचितच सांगितली जाते. रामकुंड, काळाराम ज्या भागात आहेत, त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे खंदे कार्यकर्ते. लढा पाच वर्षं चालला, दरवाजा उघडला नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळाचा प्रश्न होता तसाच पाणवठ्याचा आणि चहाच्या कपाचाही होता. कोणीही कुठल्याही दुकानासमोर उभं राहून, शेजारी कोण आहे हे न विचारता खावं, ही खाद्यफेरीची पहिली अट आहे. ती इथे आपोआप पूर्ण झालेली नाही. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा उभारली, त्यांच्या नावाचा पूल आजही गंगेवर आहे. फेरी त्या पुलाजवळून जाते तेव्हा दोन मिनिटं थांबायला हरकत नसावी.

बाजाराला बळ दिलं रेल्वेने. १८६५ मध्ये थळ घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबईची माणसं थेट नाशिकरोडला उतरू लागली. स्टेशन शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. मधल्या अंतरासाठी एकेकाळी घोड्यांची ट्राम होती, हे आज सांगितलं तर मुलं हसतात.

मिसळ फार पुढची. सातपूरला एमआयडीसी आली ती १९६० च्या दशकात, मागोमाग अंबड, मग सिडकोच्या वसाहती. खानदेशातून, निफाड-सिन्नरकडून माणसं कामाला आली, शेवभाजी आणि भरीत घेऊन आली. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला स्वस्त, झणझणीत आणि पोटाला दुपारपर्यंत धरून ठेवणारं काही हवं होतं. नाशिकच्या मिसळीचं ताट त्या भुकेला उत्तर वाटतं: मटकी, वर शेव, वेगळ्या वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, पापड, दही, कच्चा कांदा, लिंबू. काही ठिकाणी जिलबीसुद्धा. रस्सा हवा तेवढा मागा. पुण्याच्या माणसाला पापड बघून आश्चर्य वाटतं, आपल्याला त्याच्या आश्चर्याचं.

एकेका पदार्थाचा शोध घेत गावात हिंडण्याची सवय जगाला लागली तीही फार जुनी नाही. टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने लोकांनी गाड्या जास्त चालवाव्यात म्हणून मार्गदर्शिका काढली आणि १९२६ मध्ये उपाहारगृहांना तारे द्यायला सुरुवात केली. पण ते मोठ्या टेबलांचं जग. 'कुलिनरी टुरिझम' हा शब्द अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासक ल्युसी लाँग यांनी १९९८ मध्ये वापरात आणला. पुढच्या दशकात न्यूयॉर्क, इस्तंबूल, दिल्ली, मुंबई इथे गल्लीबोळांतल्या फेऱ्या रुजल्या.

नाशिकला ही सवय लावली, माझ्या मते, वाइनने. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढे द्राक्षमळ्यांत चव घेण्याच्या खोल्या उघडल्या. मुंबईचा माणूस देवासाठी नाही तर शनिवार-रविवारसाठी येऊ लागला. ग्लास तिरपा धरून कुणीतरी समजावून सांगतंय आणि आपण त्याचे पैसे देतोय, हे त्याने तिथे शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गावातली जिलबीही तशीच कुणीतरी समजावून सांगावी असं वाटलं, तर नवल नाही.

मीही एकदा हौसेने पाहुण्यांना फिरवलं होतं. सुरुवातच मिसळीने केली. दोघांनी तीनदा रस्सा मागितला. पुढच्या दुकानात पाववडा आला. पावात बटाट्याची भाजी, वरून डाळीच्या पिठाचं आवरण, कढईतून थेट कागदावर. एकाने घास घेतला आणि पायरीवर बसला तो उठेचना. चिवड्याची दोन पाकिटं पिशवीत टाकून आम्ही फेरी गुंडाळली. चांगले माहीतगार मिसळ शेवटी किंवा अर्धी ठेवतात, आणि दुकानदाराला आदल्या रात्री फोन करून ठेवतात. गर्दीच्या वेळी दहा माणसं एकदम दारात उभी राहिली तर रोजचं गिऱ्हाईक तुटतं.

भद्रकालीच्या पुढे, दूध बाजार आणि चौक मंडईकडे फारशा फेऱ्या वळत नाहीत. मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. रमजानच्या संध्याकाळी या गल्ल्यांत जे तळलं-भाजलं जातं, त्याशिवाय नाशिकची चव अर्धीच राहते, असं मला वाटतं.

पावसाळ्यात मात्र सगळं गंगेच्या मर्जीवर. गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की सराफ बाजार, दहीपुलाकडचे दुकानदार माल वर चढवायला लागतात, छातीला लागलं की शटर खाली. अशा सकाळी फेरी काढणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एकच निरोप येतो: मारुती बुडतोय, पुढच्या रविवारी बघू.