हरणाची हाडं आणि हिकुरीचा डोळा

जुलै २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. युनेस्कोच्या पॅरिसमधल्या त्याच अधिवेशनात मेक्सिकोतली एक तीर्थवाटही यादीत आली, तिची बातमी मात्र इथे फारशी कुणी वाचली नाही. ही वाट विशारिका लोकांची. त्यांना हुइचोल असंही म्हणतात. पश्चिमेच्या डोंगरातून निघून सान लुईस पोतोसी राज्यातल्या विरिकुता नावाच्या वाळवंटापर्यंत ते वारी करतात. पूर्वी ती सगळी पायी व्हायची, आता बरंचसं अंतर गाडीनं कापतात. वाटेच्या शेवटी त्यांचा देव भेटतो आणि तो आहे एक निवडुंग.

त्यांच्या भाषेत त्याला हिकुरी म्हणतात, बाहेरचं जग पेयोटे म्हणतं आणि शास्त्रीय नाव लोफोफोरा विल्यम्सी. निळसर हिरवं, चपटं, कोटाच्या मोठ्या बटणासारखं हे झाड जमिनीला चिकटून असतं. काटे नाहीत, त्यांच्या जागी पांढऱ्या लोकरीचे झुबके. खाली गाजरासारखं जाड मूळ. विशारिकांच्या श्रद्धेत हरीण, मका आणि हिकुरी एकच आहेत. म्हणून पहिलं हिकुरी दिसलं की त्यावर हरणासारखी बाणांनी शिकार करतात. कापताना खालचा भाग जमिनीत राहू देतात, कारण ती हरणाची हाडं, त्यांतूनच हरीण पुन्हा उभं राहणार.

हा नियम वाचल्यापासून ‘हाडं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे आणि ते फार सुंदर आहे.

निवडुंगाचे काटे म्हणजे रूप बदललेली पानं, हे आपण शाळेत शिकलो. पण काटे ज्या ठिपक्यातून निघतात तो ठिपका त्याहून महत्त्वाचा. उसाच्या कांडीवर किंवा द्राक्षाच्या काडीवर डोळा असतो, तसा हा निवडुंगाचा डोळा. पेयोटेच्या लोकरीच्या प्रत्येक झुबक्याखाली असा एक डोळा झोपलेला असतो. त्याला झोपवून ठेवतो शेंडा. शेंड्यातल्या वाढत्या पेशी ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतात. पेशींच्या खालच्या बाजूला बसलेली प्रथिनं ते एका पेशीतून तिच्या खालच्या पेशीत ढकलत नेतात. डोळ्याला फुटायचं असेल तर त्यालाही आपलं ऑक्सिन याच मुख्य वाटेवर सोडावं लागतं. पण हमरस्त्यावर गाड्यांची रांग तुटतच नसेल, तर गल्लीतली गाडी बाहेर कशी पडणार? शिवाय या ऑक्सिनमुळे खोडात सायटोकायनिन कमी बनतं आणि स्ट्रिगोलॅक्टोन वाढतं. पहिलं डोळ्याला जागं करणारं, दुसरं दाबून ठेवणारं. साखरही आधी शेंडाच ओढून घेतो. शेंडा उडवला की रांग तुटते, सायटोकायनिन वाढतं, साखर डोळ्यांकडे वळते आणि डोळे फुटतात. हरभऱ्याचे शेंडे खुडणारा शेतकरी आणि नाशिकचा द्राक्ष बागायतदार हे रोज हातानं करत असतात.

आता पेयोटेकडे या. जमिनीवरच्या बटणाखाली खोडाचा काही भाग मातीत गाडलेला असतो, त्यावर जुने डोळे शाबूत असतात. मूळ त्याच्याही खाली. जमिनीलगत आडवा काप दिला तर गाडलेल्या खोडावरचे डोळे फुटतात, कधी एका बटणाच्या जागी दोन-तीन येतात. काप त्याखाली मुळात गेला तर सगळं संपलं, कारण मुळाला डोळेच नसतात. ते कुजून जातं. म्हणजे हरणाची हाडं ती हीच, गाडलेलं खोड. विशारिकांच्या पूर्वजांना ऑक्सिन ठाऊक होतं असा दावा कुणी करू नये. कुठे कापलं की परत येतं, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलं आणि धर्मात बांधून ठेवलं. मला हे निरीक्षणच मोठं वाटतं.

परत येतं, पण फार हळू. वाळवंटात पाणी वाचवायला हे झाड दिवसा पर्णरंध्रं बंद ठेवतं, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतं. (अशी झाडं रात्री ऑक्सिजन देतात, हा व्हॉट्सॅपवरचा समज चुकीचा आहे. ऑक्सिजन निघतो पाण्याचा रेणू फुटताना आणि त्याला उजेड लागतो. आपली तुळस आणि पिंपळही रात्री ऑक्सिजन देत नाहीत.) साठवायला जागा मोजकी, म्हणून वाढही मोजकी. रानात बी रुजल्यापासून फूल यायला दहा-दहा वर्षं जातात.

अडचण इथेच आहे. अमेरिकेत १९१८ साली ओक्लाहोमात नोंदल्या गेलेल्या नेटिव्ह अमेरिकन चर्च या मूलनिवासींच्या धर्मपंथाचं पेयोटे हे पवित्र द्रव्य आहे आणि १९९४ च्या कायद्यानं मूलनिवासींना त्याचा विधीपुरता हक्क दिला. पण तिथे हे झाड उगवतं फक्त टेक्सासमध्ये. तिथली झुडपी जमीन कुरणांसाठी नांगरली गेली, उरलेल्या ठिकाणी तीच झाडं पुन्हा पुन्हा कापली गेली. दर दोन वर्षांनी कापून पाहिलेल्या प्रयोगात बटणं लहान होत गेली आणि झाडं जास्त मेली. त्यात पेयोटेतल्या मेस्कलीन या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या अनुभवासाठी ‘आत्मशोधा’च्या सहली विकणारे आले. मेस्कलीन मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका ग्राहीला, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं, एवढंच त्यांना पुरतं. त्या झाडाशी पिढ्यान्पिढ्या नातं असलेल्यांच्या वाट्याचं आपण संपवतोय, याची त्यांना फिकीर नाही. मला याचा राग येतो.

दक्षिण टेक्सासमध्ये मूलनिवासींच्या पुढाकारानं २०१७ साली ६०५ एकर जमीन घेतली गेली. तिथे कुटुंबं येऊन राहतात, प्रार्थना करतात, मुलांना जमिनीलगतचा काप शिकवतात. बियांपासून रोपंही वाढवली जातात. सुरुवातीला ती मुगाच्या दाण्याएवढी असतात. ज्या मुलांच्या हातून ती आज लावली जातात, त्यांना स्वतःची मुलं होईपर्यंत ती विधीत यायची नाहीत.