गाठीत प्राणवायू कुठे संपतो?

कर्करोगाची गाठ भराभर वाढते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. वाहिनीपासून जेमतेम 0.15 मिलिमीटर लांब गेलं की प्राणवायू संपत आलेला असतो. तिथल्या पेशी उपाशी असतात, तरी तग धरतात. किरणोपचारालाही त्या सहजी दाद देत नाहीत. त्यांना मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. हे 1950च्या दशकापासून माहीत आहे. पण या पेशी नेमक्या कुठे दडल्या आहेत, हे कळणार कसं? सुईसारखा इलेक्ट्रोड खुपसला तर त्याच्या वाटेवरचाच प्राणवायू कळतो.

इथे प्राणवायूचाच एक गुण कामी येतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, म्हणून तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो.

उंदरावरच्या प्रयोगात ट्रायटिल नावाचं द्रव्य शिरेतून देतात. त्यातही एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. भूल दिलेल्या उंदराची गाठ असलेली तंगडी एका छोट्या कड्यात ठेवून रेडिओलहरींचा झटका दिला, की हे इलेक्ट्रॉन विचलित होतात आणि काही मायक्रोसेकंदांत पूर्वपदावर येतात. शेजारी प्राणवायू जितका जास्त, तितके लवकर. या वेगावरून गाठीतल्या जागोजागच्या प्राणवायूचा दाब काढून त्याचा नकाशा करता येतो. ही पद्धत म्हणजे एमआरआयची चुलत बहीणच, फक्त ती हायड्रोजनच्या केंद्रकाऐवजी इलेक्ट्रॉनचं ऐकते. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व त्या केंद्रकाच्या सुमारे 658 पट, त्यामुळे दवाखान्यातल्या 1.5 टेस्लाच्या जागी अवघ्या 9 मिलिटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र पुरतं.

शिकागो विद्यापीठात हॉवर्ड हॅल्पर्न यांच्या गटाने असे नकाशे थेट उपचारासाठी वापरले. उंदरांच्या संपूर्ण गाठीला आधी किरण दिले. मग काहींमध्ये जादा मात्रा 10 मिलिमीटर पाऱ्याहून कमी दाबाच्या भागावर नेम धरून दिली, तर काहींमध्ये मुद्दाम प्राणवायू भरपूर असलेल्या भागावर. उपाशी भागावर नेम धरला तेव्हा गाठी जास्त आटोक्यात आल्या. या क्षेत्रात इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

माणसापर्यंतची वाट मात्र लांब आहे. एक तर रेडिओलहरी शरीरात खोलवर जाताना क्षीण होतात. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत दर 3 मिनिटांनी नकाशे काढले, तेव्हा उंदरांच्या गाठीतले काही भाग थोड्या थोड्या वेळाने प्राणवायू गमावताना आणि परत मिळवताना दिसले. म्हणजे किरण सोडताना हाती असलेला नकाशा किती जुना आहे, हेही पाहावं लागेल.