लाईट रेल नियोजनातील लोकसहभाग व वांशिक समन्याय

शहरातून लाईट रेल न्यायची ठरली की तिचा मार्ग, स्थानके, बांधकामाचा क्रम आणि नंतरच्या बससेवा ठरवताना त्या रस्त्यालगत राहणाऱ्या लोकांना, विशेषतः वंशामुळे आजवर डावलल्या गेलेल्या वस्त्यांना, निर्णयात वाटा देण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेत घडली आणि बऱ्याचदा सरकारच्या इच्छेविरुद्ध घडली. लाईट रेल म्हणजे विजेवर चालणारी, बहुधा रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावणारी दोन-तीन डब्यांची गाडी. मुंबईत 1964 मध्ये बंद झालेल्या ट्रामची ही दूरची बहीण. पण हिचे थांबे बरेच लांब-लांब असतात. भांडणाचे मूळ अनेकदा या अंतरातच असते.

‘समन्यायी’ हा शब्द महाराष्ट्रात पाणीवाटपाच्या चळवळीने रुळवला. सगळ्यांना सारखे वाटणे ही समानता. आधी कोणाचे किती गेले आणि कोणाला गरज किती, हे पाहून वाटणे हा समन्याय. अमेरिकी शहरांत ‘आधी कोणाचे किती गेले’ याचे उत्तर सहसा 1950 आणि 1960 च्या दशकांतल्या महामार्गांपाशी सापडते. ते महामार्ग कृष्णवर्णीयांच्या वस्त्या चिरून गेले. त्याच वस्त्यांच्या कडेने पन्नास वर्षांनी रूळ टाकायला आलेल्या अधिकाऱ्यांना लोकांनी संशयाने पाहिले, तर त्यात नवल नाही.

कायद्याचा आधार

1964 च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सांगते की, केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कामात वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून भेदभाव करता येणार नाही. लाईट रेलचा मोठा खर्च केंद्र उचलते, म्हणून हे कलम प्रत्येक मार्गाला लागू होते. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढलेल्या आदेश क्रमांक 12898 ने त्यात पर्यावरणीय न्यायाची भर घातली: प्रकल्पाचा त्रास अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांच्या वाट्याला प्रमाणाबाहेर जातो का, हे तपासणे केंद्राच्या खात्यांवर बंधनकारक झाले.

हा आधार कागदावर दिसतो तेवढा भक्कम नाही. हेतू भेदभावाचा नसला तरी परिणाम विषम आहे, एवढ्या मुद्द्यावर खासगी व्यक्तीला या कलमाखाली दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल या खटल्यात ठरवले. सिअॅटलच्या रेनियर व्हॅलीतल्या रहिवाशांनी दुसऱ्या कायद्याच्या वाटेने हाच मुद्दा नेऊन पाहिला. शहरात इतरत्र रेल्वे बोगद्यातून किंवा उन्नत मार्गावरून जाणार आणि आमच्या बहुवंशीय दरीत मात्र रस्त्यावरून, ही त्यांची तक्रार होती. 2003 मध्ये नवव्या सर्किट न्यायालयात, म्हणजे केंद्राच्या अपील न्यायालयात, तेही हरले. मार्ग रस्त्यावरूनच गेला आणि 2009 मध्ये सुरू झाला. दरीतल्या व्यावसायिकांच्या आणि समाजाच्या मदतीसाठी मात्र 5 कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. निकालाने दिले नाही ते दबावाने थोडेफार मिळाले, असे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसते.

युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूची तीन स्थानके

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण मिनेसोटा राज्यातले आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांची केंद्रे जोडणारा सुमारे 11 मैलांचा, म्हणजे जवळपास 18 किलोमीटरचा ‘ग्रीन लाईन’ मार्ग 14 जून 2014 रोजी सुरू झाला. खर्च 95.7 कोटी डॉलर, त्यातला अर्धा केंद्राचा. नियोजनाच्या काळात त्याला ‘सेंट्रल कॉरिडॉर’ म्हणत. सेंट पॉलमध्ये तो युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवरून जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कृष्णवर्णीय, ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेला एक समाज), व्हिएतनामी, सोमाली अशा कुटुंबांची वस्ती आणि त्यांचीच छोटी दुकाने.

रस्त्याच्या थोडे दक्षिणेला एकेकाळी रोंडो नावाची वस्ती होती. जोसेफ रोंडो या फ्रेंच-कॅनडियन व्यापाऱ्याचे नाव रस्त्याला आणि रस्त्याचे वस्तीला पडलेले. पुढे ती सेंट पॉलच्या कृष्णवर्णीय समाजाचे हृदय बनली: चर्च, मंडळे, न्हाव्यांची दुकाने, स्वतःची घरे असलेली कष्टकरी आणि मध्यमवर्गीय कुटुंबे. आंतरराज्य महामार्ग 94 तिच्या मधोमध नेण्यात आला. शहराचे नियोजन अभियंता जॉर्ज हेरॉल्ड यांनी उत्तरेकडून, रेल्वेरुळांच्या कडेने जाणारा दुसरा मार्ग सुचवला होता. तो नाकारला गेला. शेकडो घरे पाडली गेली. रोंडो अॅव्हेन्यू हा रस्ताच उरला नाही. 1983 पासून तिथले जुने रहिवासी दरवर्षी ‘रोंडो डेज’ भरवतात. 2015 मध्ये महापौर ख्रिस कोलमन यांनी शहराच्या वतीने जाहीर माफी मागितली. तोवर ग्रीन लाईन सुरू होऊन एक वर्ष झाले होते.

आता रुळांकडे येऊ. सुरुवातीच्या आराखड्यात युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूच्या पूर्व भागात स्नेलिंग, लेक्सिंग्टन, डेल आणि राईस या मोठ्या चौकांवरच स्थानके होती, एकमेकांपासून सुमारे एक मैलावर. मधल्या हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न या चौकांना वगळले होते. मार्गावर इतरत्र स्थानके साधारण अर्ध्या मैलावर होती. जिथे गाडी नसलेली, बसवर अवलंबून असलेली घरे सर्वांत जास्त, नेमके तिथेच हे अंतर दुप्पट. वर, रेल्वे आली की त्याच रस्त्यावरची, जवळपास प्रत्येक नाक्यावर थांबणारी 16 क्रमांकाची बस कमी धावणार, हेही ठरलेले. व्हिक्टोरियाच्या नाक्यावर राहणाऱ्या म्हातारीला किराण्याच्या पिशव्या घेऊन कोणत्याही बाजूला 800 मीटर चालणे आले, आणि मिनेसोटाच्या जानेवारीत उणे 20 अंश ही काही बातमी नसते. दारापुढून रेल्वे जाणार, पण थांबणार मात्र नाही.

हे कोणी द्वेषाने केले होते असे दिसत नाही. हे एका सूत्राने केले. केंद्रीय परिवहन प्रशासन त्या काळी प्रकल्पाची निवड खर्च-परिणामकारकतेच्या निर्देशांकावर करी: वार्षिक खर्च भागिले प्रवाशांचे वाचलेले तास. नवे स्थानक घातले की खर्च वाढतो, आणि वरून दोन शहरांमध्ये थेट जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा थोडा थोडा वेळ जातो. उलट मधल्या चौकात चढणारा दोन-तीन थांबे जाणार; त्याला आधीच बस होती, म्हणून त्याचा वाचलेला वेळ नगण्य. गणितात दूरच्याचे मिनिट आणि जवळच्याची पायपीट एकाच तराजूत पडत होती, आणि तराजू मिनिटांचा होता. निर्देशांक ठरावीक रेषेच्या पलीकडे गेला तर केंद्राचा सगळा पैसाच हातचा जाणार, म्हणून मेट्रोपॉलिटन काउन्सिल या प्रादेशिक संस्थेचे अधिकारी हात वर करत.

जनसुनावण्यांची इथे वानवा नव्हती. सभा झाल्या, नकाशे भिंतीवर लागले, हरकती लिहून घेतल्या गेल्या. पण सभागृहात बसलेल्या कोणालाही ते सूत्र बदलता येत नव्हते; लोकांचे म्हणणे ऐकणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर होते. ‘स्टॉप्स फॉर अस’ या नावाने एकत्र आलेल्या स्थानिक मंडळांनी, चर्चनी आणि संघटनांनी हे ओळखले, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे मर्म इथेच आहे. त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांशी भांडणे सोडले नाही, पण मुख्य मोर्चा वॉशिंग्टनकडे वळवला. सेंट पॉलमध्ये 1970 च्या दशकापासून 17 विभागीय नागरिक मंडळे आहेत. संघटनेची सवय असलेल्या शहराला हे जमले, हेही नोंदवायला हवे.

2008 मध्ये पहिली तडजोड झाली: तीनही ठिकाणी जमिनीखालची कामे करून ठेवायची, म्हणजे पुढे स्थानक बांधताना रस्ता पुन्हा उकरावा लागणार नाही, पैसा उरला तर एक स्थानक लगेच. जानेवारी 2010 मध्ये वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी जाहीर केले की यापुढे निधी ठरवताना हा एकच निर्देशांक निर्णायक राहणार नाही. आर्थिक विकास, पर्यावरण आणि परिसराची राहणी यांचाही विचार होईल. त्याच महिन्यात तीनही स्थानकांना हिरवा कंदील मिळाला. आज तिथे गाड्या थांबतात. वेस्टर्नच्या स्थानकाभोवतीच्या आशियाई दुकानांच्या पट्ट्याने ‘लिटल मेकाँग’ हे नाव घेतले.

दुकानदार आणि न्यायालय

स्थानके मिळाली तरी तक्रार संपली नव्हती. जानेवारी 2010 मध्येच एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेची सेंट पॉल शाखा, पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च आणि काही स्थानिक संघटनांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी वर्षभराने दिलेल्या निकालात बांधकाम थांबवले नाही. पण पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात बांधकामाच्या काळात बुडणाऱ्या धंद्याचा पुरेसा विचार झालेला नाही, असे सांगून तेवढा भाग नव्याने अभ्यासायला लावला. रस्ता खणला जातो तेव्हा फो हे व्हिएतनामी सूप विकणाऱ्या हॉटेलाचे गिऱ्हाईक किती घटते, हा प्रश्न पर्यावरण अहवालात येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूचा पश्चिम भाग 2011 मध्ये आणि पूर्व भाग 2012 मध्ये उकरला गेला. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या बहुतांश जागा कायमच्या गेल्या. लहान दुकानांना 20,000 डॉलरपर्यंत, अटी पाळल्या तर माफ होणारी कर्जे देण्यात आली. ज्याचे दुकान भाड्याच्या गाळ्यात, हिशेब वहीत आणि इंग्रजी जेमतेम, त्याला विक्री घटल्याचा पुरावा जोडून अर्ज भरणे हेच मोठे काम. म्हणून शेजारच्या विकास संस्थांनी सल्लागार दारोदार पाठवले. दुभाषा ठेवणे, पत्रक ह्मोंग आणि सोमालीत छापणे, सभेत मुलांना सांभाळायची सोय करणे या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. त्यांच्यावाचून सभेला कोण येते, हे मात्र उघड आहे: ज्याला वेळ आहे, गाडी आहे आणि इंग्रजी येते तो.

इतर शहरे

लॉस एंजेलिसमध्ये वाद उलट दिशेने सुरू झाला. रेल्वेवर पैसा ओतताना बसचे भाडे वाढवणे आणि मासिक पास बंद करणे हा बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बस-प्रवाशांवर अन्याय आहे, असे म्हणत ‘बस रायडर्स युनियन’ 1994 मध्ये न्यायालयात गेली. 1996 च्या तडजोडीने दहा वर्षे बससेवेला संरक्षण मिळाले. पुढे याच शहरात क्रेनशॉ मार्गासाठी लोकांनी रेल्वे नाकारली नाही, उलट स्थानक मागितले: कृष्णवर्णीय संस्कृतीचे केंद्र असलेल्या लायमर्ट पार्कला 2013 मध्ये ते मंजूर झाले आणि 2022 मध्ये मार्ग सुरू झाला. बस हवी की रेल्वे, हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. दोन्हींचे पैसे एकाच तिजोरीतून येतात.

बाल्टिमोरमध्ये तर मार्गच गेला. शहराच्या पूर्व-पश्चिम कृष्णवर्णीय वस्त्या जोडणारी ‘रेड लाईन’ वर्षानुवर्षांच्या नियोजनानंतर राज्यपाल लॅरी होगन यांनी 2015 मध्ये रद्द केली आणि केंद्राचे सुमारे 90 कोटी डॉलर सोडून दिले. सहाव्या प्रकरणाखाली तक्रार झाली, पण मार्ग तिच्यामुळे परत आला नाही. 2023 मध्ये नवे राज्यपाल वेस मूर यांनी तो पुन्हा हाती घेतला.

जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 1994 चा आदेश रद्द केला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विषम परिणामाची कसोटी शक्य तिथे सोडण्याचे धोरण जाहीर केले. नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण कायम आहे. मिनियापोलिसमध्ये आता ‘ब्लू लाईन’ हा दुसरा लाईट रेल मार्ग वायव्येकडे, उत्तर मिनियापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधून नेण्याच्या प्रकल्पावर काम चालू आहे. मालगाडीच्या रुळांलगतचा पहिला मार्ग सोडावा लागल्यावर नवा मार्ग वस्तीत शिरला, तेव्हा 2022 मध्ये रहिवासी, दुकानदार आणि मिनेसोटा विद्यापीठाचे अभ्यासक यांचा एक गट बसला. त्याच्यापुढे स्थानकांमधले अंतर हा मुख्य प्रश्न नव्हता. स्थानक झाल्यावर भाडे वाढले, तर आजचा भाडेकरू त्या गाडीत बसायला तिथे उरेल का, हा होता.